एका पॅनमधलं क्रीम चिकन: सॉस फाटतो आणि पीस चामट होतात

मिरपूड (प्रश्न)

चौघांचं रात्रीचं जेवण एकाच पॅनमध्ये उरकावं म्हणून क्रीम चिकन करायचं आहे. सॉस दाट आणि मलईदार हवा, चिकन मऊ हवं. सोबत पाव किंवा भात. सध्याची कृती देते, नेमकं कुठे बिघडतंय ते सांगा.

भांडं: २८ सेंमीचा ट्रायप्लाय (तीन थरांच्या) स्टीलचा पॅन, झाकणासह. गॅसची शेगडी.

६०० ग्रॅम ब्रेस्ट बोनलेसचे चौकोनी तुकडे धुऊन त्यांना कच्ची आलं-लसूण पेस्ट, मीठ, मिरपूड आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवते. बटरवर कांदा परतते, त्यात सगळं चिकन एकदम घालते. पाणी सुटतं, ते आटवते. मग २५ टक्के फॅटच्या फ्रेश क्रीमचा २५० मिलीचा पूर्ण पुडा ओतून, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं शिजवते.

होतं असं: सॉसमध्ये पांढरे बारीक दाणे येतात, कडेने पिवळं तेल दिसतं, चिकनचा रंग फिकट राखाडी राहतो आणि चावायला चामट लागतं. चवही सपाट. वाइन वापरायची नाही. दुसरं भांडं काढायचं नाही, एखादी ताटली चालेल.

खरवड

क्रीम फाटायची तीन कारणं तुमच्या कृतीत एकत्र आली आहेत. त्यातलं एखादंच असतं तर निभावून गेलं असतं.

आधी दाणे आणि तेल वेगवेगळे समजून घ्या, कारण दोन्हींचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. पांढरे दाणे म्हणजे दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा झालेलं. आंबट आणि उष्णता एकत्र आली की ते गोळा होतं, आपण पनीर करतो तेच. पिवळं तेल ही दुसरी भानगड. क्रीम म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब. पाणी प्रमाणाबाहेर आटलं की ते थेंब एकमेकांना भेटतात आणि तूप होऊन वर येतात.

इथे आपली सवयच आड येते. ‘तेल सुटेपर्यंत परता’ हे हाताला इतकं बसलेलं असतं की क्रीमसुद्धा आपण तसंच आटवत बसतो. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला तेल सुटणं म्हणजे वाटण शिजल्याची खूण. क्रीमच्या सॉसला तेल सुटणं म्हणजे सॉस मोडल्याची खूण. एवढं डोक्यात फिरवलंत की निम्मं काम झालं.

आता तीन कारणं. लिंबाचा रस चिकनला लावलेला, तो सगळा पॅनमध्ये उतरतो आणि क्रीमला भेटतो. दुसरं, २५ टक्के फॅटचं क्रीम. ३५ टक्क्यांच्या पुढचं क्रीम खळखळून उकळलं तरी सहसा दाणे धरत नाही, कारण त्यात फॅटच्या मानाने प्रथिन कमी असतं. २५ टक्क्यांचं धरू शकतं. पुड्यावर स्टॅबिलायझर लिहिलेलं असतं, त्यामुळे ते थोडं सोसतं, पण आंबट अधिक उकळी त्याला सोसत नाही. तिसरं, झाकणाखाली दहा मिनिटं. झाकणाखाली उकळी किती जोरात आहे ते दिसत नाही.

आल्याचंही सांगून ठेवतो. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कोमट दुधात आल्याचा ताजा रस घातला तर दूध दह्यासारखं थिजतं, चीनमध्ये तसा गोड पदार्थच करतात. पेस्ट नीट परतली की विकर मरतं, पण पाणी सुटलेल्या चिकनमध्ये पेस्ट परतली जात नाही, नुसती उकडली जाते. या पदार्थातून आलं काढूनच टाका. लसूण पुरेसा आहे.

राखाडी रंग आणि सपाट चव या दोन तक्रारी वाटतात, पण कारण एकच: चिकन भाजलंच गेलं नाही, उकडलं. ओले तुकडे, सगळे एकदम, त्यावर आधीच परतलेला कांदा. पॅनमध्ये पाणी आहे तोवर तपमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि सोनेरी रंग यायला त्याहून बरंच जास्त लागतं. पॅनच्या तळाला चिकनची जी तपकिरी खरवड धरते तीच या सॉसचा मसाला असते. वाइन नसली तरी चालतं, खरवड नसली तर सॉस म्हणजे मीठ घातलेलं क्रीम.

म्हणून क्रम असा घ्या.

चिकन: ब्रेस्टचे चौकोनी तुकडे करू नका. एक ब्रेस्ट २०० ते २५० ग्रॅमचं असतं, ते आडवं चिरून दीड सेंमी जाडीच्या दोन सपाट चकत्या करा. ६०० ग्रॅममध्ये पाच-सहा चकत्या होतात. धुवायची गरज नाही, धुताना जंतू ओट्यावर उडतात तेवढेच. कागदाने दोन्ही बाजूंनी कोरडं पुसा. ८ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट सव्वा छोटा चमचा, आणि अर्धा चमचा मिरपूड लावून उघडंच फ्रिजमध्ये ठेवा, एक तास तरी. बाहेर काढल्यावर पृष्ठभाग पुन्हा एकदा पुसा.

भाजणं: पॅन रिकामा मध्यम आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्रकन न उडता गोळी होऊन पळायला हवा. मग एक मोठा चमचा तेल, ते चमकू लागलं की चकत्या. एका वेळी तीन, मध्ये बोटभर अंतर. बटर आत्ता नको, त्यातले दुधाचे कण या आचेला करपतात. तेलात मिसळल्याने बटर करपत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. तूप चालेल.

पहिली बाजू चार मिनिटं हात न लावता. चिकन पॅनला चिकटलेलं वाटलं तर ओढू नका, रंग आला की ते आपोआप सुटतं. दुसरी बाजू दोन ते अडीच मिनिटं. आतून थोडं कच्चं राहील, राहू दे. ताटलीत काढा. दुसरा घाणा तसाच.

सॉस: आच मंद करा. पॅनमध्ये जास्तीचं तेल असेल तर एक चमचाभर ठेवून बाकीचं काढा. २० ग्रॅम बटर, एक लहान कांदा अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ. कांद्याचं पाणी सुटतं तेव्हाच खरवड मऊ होऊ लागते, लाकडी उलथन्याने खरडत राहा. चार मिनिटं, कांदा पारदर्शक हवा, लाल नको. सहा-सात पाकळ्या लसूण ठेचून, जेमतेम चाळीस सेकंद. करपला तर सॉसभर कडवटपणा उतरतो आणि तो क्रीमने झाकला जात नाही. मग दोन सपाट छोटे चमचे मैदा भुरभुरून एक मिनिट परता. आता १५० मिली चिकन स्टॉक किंवा गरम पाणी, दोन-तीन वेळा थोडं थोडं करून, खरडत खरडत. आच वाढवा आणि निम्मं होईपर्यंत आटवा, साधारण तीन मिनिटं. आटवायचं ते इथे, क्रीम घालण्याआधी. स्टॉक क्यूबचा असेल तर अर्धीच क्यूब वापरा, त्यात मीठ भरपूर असतं आणि बटरही खारं असतं.

क्रीम: आच सगळ्यात कमी. २०० मिली क्रीम फ्रिजमधून थेट ओतू नका. वाटीत काढून त्यात पॅनमधलं दोन चमचे गरम पाणी ढवळा, मग घाला. कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा इतपतच आच. दोन मिनिटांत सॉस चमच्याच्या पाठीला धरू लागतो, बोटाने रेघ ओढली की ती मिटत नाही. चिकन आणि ताटलीत जमलेला सगळा रस परत पॅनमध्ये, तीन ते चार मिनिटं, झाकण न ठेवता, एकदा उलटून. गॅस बंद. एक मिनिट थांबून मग लिंबाचा रस, एक ते दीड छोटा चमचा. लिंबू हवंच, त्याशिवाय इतकं क्रीम जिभेवर बसतं. फक्त शेवटी आणि आचेबाहेर.

मैद्याचं प्रयोजन दाटपणापुरतं नाही. शिजलेला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. २५ टक्क्यांच्या क्रीमला तो विमाच आहे.

लेगपीस

खरवड यांच्या क्रमाशी सहमत, मांसाच्या निवडीशी नाही. क्रीमच्या पदार्थाला ब्रेस्ट घ्यायचं कशाला? दुकानात ‘लेग बोनलेस’ मागा. काही दुकानदार आधी ‘नाही’ म्हणतात, कारण हाड काढायला वेळ लागतो. सकाळी फोन करून सांगितलं की मिळतं. ८०० ते ८५० ग्रॅम अख्ख्या लेगपीसमधून साधारण ५५० ते ६०० ग्रॅम बोनलेस निघतं.

फरक असा आहे. जंतूंच्या दृष्टीने दोन्हींना ७४ अंश सेल्सिअस पुरतं. पण ब्रेस्ट त्या अंशापासून पुढे दर मिनिटाला कोरडं होत जातं. लेगमध्ये चरबी आणि संयोजक ऊती जास्त. त्या विरघळून जिलेटिन व्हायला ८० ते ८५ अंश लागतात. म्हणजे ब्रेस्ट जिथे बिघडतं तिथे लेग कुठे सुधारू लागतं. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी नुकसान नाही, उलट जिलेटिन सॉसमध्ये उतरतं आणि सॉसला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. तो मैद्याने येत नाही.

लेगसाठी क्रम थोडा बदला. भाजताना पहिली बाजू सहा मिनिटं, दुसरी तीन. कांदा-लसूण-मैदा वरच्यासारखं. मग १५० ऐवजी २०० मिली स्टॉक, लगेच चिकन परत, झाकण ठेवून मंद आचेवर दहा ते बारा मिनिटं. आता झाकण काढा, रस पाहा, पातळ असेल तर चिकन कडेला सारून आटवा आणि मग क्रीम. झाकण आणि क्रीम यांची गाठ पडू द्यायची नाही, इतकं पाळलं की बस.

हाडासकट तुकडे वापरायचे तर झाकणाखाली २५ मिनिटं आणि मधूनमधून दोन-तीन चमचे पाणी. गावठी कोंबडी या पदार्थाला वापरू नका. ती शिजायला तासाच्या घरात वेळ लागतो, तोवर भाजलेला रंग आणि खरवड धुऊन गेलेली असते. तिचा रस्साच चांगला.

थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून पाहा. ‘रस पारदर्शक निघाला की शिजलं’ ही खूण भरवशाची नाही. लेगचा हाडाजवळचा भाग पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकतो आणि ब्रेस्ट पारदर्शक रस सोडूनही मधे कच्चं असू शकतं.

एक भांड्याबद्दल. ट्रायप्लाय उत्तम. बिडाचा तवा किंवा पॅन असेल तर तोही, मात्र गॅस बंद केल्यावरही बीड बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून क्रीम घालण्याआधी एक-दोन मिनिटं गॅस पूर्ण बंद ठेवा. नॉनस्टिकमध्ये खरवड धरतच नाही म्हणा ना. साध्या, अॅनोडाइज न केलेल्या अॅल्युमिनियमच्या कढईत पांढरा सॉस करू नका. त्यात लिंबू पडलं आणि स्टीलच्या चमच्याने ढवळलं की रंग राखाडी होतो.

ऱ्हाईनकाठ

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी भर घालतो, कारण ‘क्रीम’ म्हणून दुकानात जे दिसतं ते दर देशात वेगळं असतं आणि वरची कृती फॅटच्या टक्क्यावर चालते.

जर्मनीत श्लागझाने घ्या, त्यात किमान ३० टक्के फॅट असतं. झाउरे झाने म्हणजे आंबवलेलं, साधारण १० टक्क्यांचं क्रीम. ते उकळत्या सॉसमध्ये हमखास फाटतं, गॅस बंद करूनच घालायचं. श्मांड २०-२४ टक्क्यांच्या आसपास, त्यालाही मैद्याचा आधार द्या. क्रेम फ्रेशमध्ये किमान ३० टक्के फॅट असतं, आंबट असूनही ते उकळी सोसतं, आणि मग लिंबाची गरज जवळजवळ राहत नाही.

इंग्लंडात सिंगल क्रीम १८ टक्क्यांचं, ते कॉफीत घालायचं. इथे डबल क्रीम हवं, ४८ टक्के. ते इतकं दाट असतं की १३० मिली पुरे, उरलेली जागा स्टॉकने भरा आणि मैदा पूर्ण वगळा. अमेरिकेत हेवी क्रीम, किमान ३६ टक्के. तिथेही मैदा लागत नाही. हाफ-अँड-हाफ नावाचं मिळतं ते १०.५ ते १८ टक्क्यांचं, त्याने हा सॉस होणार नाही.

काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर आणखी एक अडचण. बटण कमी केलं तरी खालची कॉइल काही मिनिटं तशीच तापलेली असते. क्रीम घालताना पॅन सरळ उचलून बंद असलेल्या दुसऱ्या जागेवर ठेवायचा. इंडक्शनला ही भानगड नाही.

परदेशात चिकन कातडीसकट सहज मिळतं. तसं असेल तर थंड पॅनमध्ये, तेल न घालता, कातडीची बाजू खाली ठेवून मग आच लावा, मध्यमपेक्षा कमी. बारा-पंधरा मिनिटांत कातडीतली चरबी उतरते आणि कातडी कुरकुरीत होते. गरम पॅनमध्ये टाकलीत तर ती आक्रसते आणि आत चरबी अडकून राहते. क्रीम घालून चिकन परत ठेवताना कातडी सॉसच्या वर राहील असंच ठेवायचं. कुरकुरीत कातडी सॉसमध्ये बुडवून मऊ करायची असेल तर ती कुरकुरीत केलीच कशाला!

जायफळ

मूळ प्रश्नात मलईदार चिकन असं म्हटलंय, तर क्रीमवर सगळा भार न टाकणारी आपली पांढरी ग्रेव्हीही याच पॅनमध्ये होते आणि ती फाटायला फार अवघड. कारण तेच, स्टार्च. काजूत फॅटही आहे आणि स्टार्चही.

२५ काजू आणि दोन मोठे चमचे मगज बी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, अगदी मऊ वाटून घ्या, १०० मिली पाणी घालून. बोटात चोळलं तर कण लागता कामा नये. लागले तर पुन्हा फिरवा, नाहीतर फाटलेला सॉस आणि भरड काजू यात जिभेला फरक कळत नाही. खसखस घालणारे घालतात, चांगली लागते. (दुबईला जाताना बॅगेत नेऊ नका, तिथे खसखशीवर बंदी आहे.)

चिकन वरच्यासारखंच भाजून बाजूला. मग तेलात दोन लवंगा, तीन वेलदोडे, एक दालचिनीचा तुकडा, वर कांदा. इथे कांदा लाल झाला की ग्रेव्हीचा पांढरा रंग गेला, म्हणून झाकण ठेवून मऊ करा. काजूचं वाटण घातल्यावर चार-पाच मिनिटं मंद आचेवर सतत ढवळायचं, ते तळाला फार लवकर लागतं. कच्चा वास गेला की १५० मिली गरम पाणी, चिकन, मग ८० मिली क्रीम. पांढरी मिरपूड, चिमटीत चुरलेली कसुरी मेथी आणि जायफळ. जायफळ किसणीवर दोनदा ओढलं तेवढं पुरे, जास्त झालं तर सगळं बासुंदीच्या वळणावर जातं.

दही घालायचं असेल तर ८० ग्रॅम, पाणी निथळलेलं, आंबट नसलेलं, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर घालून फेटलेलं. कढीत बेसन ज्या कारणाने घालतो त्याच कारणाने. आणि घरची साय वापरणार असाल तर मिक्सरमध्ये फिरवू नका, लोणी निघेल. पुरणाच्या चाळणीवर चमच्याने दाबून काढा, गुठळ्या मोडतात, आणि ती चिकन शिजल्यावर सगळ्यात शेवटी.

मूळ, खरवड यांच्या कृतीत तिखटपणा हवा असेल तर मिरचीपेक्षा मोहरी घाला. फ्रेंच लोक क्रीममध्ये दिजों मोहरी घालतात, आपल्याकडे फेसलेली मोहरी आहेच. दोन छोटे चमचे मोहरी किंचित पाणी घालून वाटा, नाकात जाईपर्यंत फेसा. क्रीमचा सॉस तयार झाल्यावर गॅस बंद करून ढवळा. शिजवलीत तर झणका उडून जातो आणि नुसता कडवटपणा उरतो. मोहरीतला चिकटपणा सॉस बांधूनही ठेवतो. फेसलेल्या मोहरीत लिंबू नसतं, तेव्हा वरचं लिंबू तसंच ठेवा. बाटलीतल्या दिजोंमध्ये आंबट असतं, ती वापरली तर लिंबू अर्धं करा.

मिरपूड

सगळं समजलं. अजून तीन शंका. एक, सॉस फाटलाच तर वाचवता येतो का? दोन, याच पॅनमध्ये मश्रूम, पालक, बटाटे घालायचे तर कधी? तीन, आठ जणांसाठी सगळं दुप्पट केलं तर चालेल ना?

खरवड

फाटल्यावर पहिलं काम गॅस बंद करणं, दुसरं चिकन ताटलीत काढणं. मग पाहा काय झालंय ते. नुसतं तेल सुटलं असेल आणि दाणे नसतील तर सोपं आहे. दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि रवीने किंवा व्हिस्कने जोरात फेटा. पाणी कमी पडलं होतं, ते मिळालं की सॉस पुन्हा एकजीव होतो. इथे वरून आणखी क्रीम ओतणं म्हणजे आणखी तेल ओतणं, ते करू नका.

दाणे आले असतील तर ते परत विरघळत नाहीत, फक्त बारीक करता येतात. एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर तीन चमचे थंड दुधात कालवून घाला, मंद आचेवर एक मिनिट, मग मिक्सरमधून फिरवा. गरम सॉस मिक्सरमध्ये अर्ध्याहून जास्त भरू नका आणि झाकण फडक्याने धरा, वाफेने ते उडतं. प्रोसेस्ड चीजची एक क्यूब किसून घातली तरी मदत होते. त्यात चीज वितळताना फुटू नये म्हणून इमल्सिफाइंग क्षार घातलेले असतात, ते इथेही तेच काम करतात. पार्मेजानसारख्या चीजमध्ये ते नसतात. ते गरम सॉसमध्ये टाकलं तर चिकट गोळा तळाशी बसतो, म्हणून गॅस बंद झाल्यावर, अगदी बारीक किसून.

भाज्यांचं असं. मश्रूम २०० ग्रॅम, चिकन काढल्यावर आणि कांद्याच्या आधी, मोठ्या आचेवर, मीठ न घालता. पाणी सुटेल, ते पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत सात-आठ मिनिटं. घाई केलीत तर तेच पाणी पुढे क्रीममध्ये सुटतं. आणि मश्रूमच्या पाण्याने खरवड विरघळून मश्रूमवरच बसते, त्यात तोटा काही नाही. पालक १०० ग्रॅम, क्रीमनंतर, चिकन परत घालायच्या आधी, कोवळी पानंच. ती मिनिटभरात बसतात. जून पालक असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढून पिळावा लागतो, म्हणजे दुसरं भांडं आलं. बटाटे क्रीममध्ये शिजत बसत नाहीत, दहा मिनिटांनीही टचटचीत राहतात. छोटे बटाटे अर्धे कापून, लेगपीस यांच्या पद्धतीत, स्टॉकबरोबर झाकणाखाली टाका आणि स्टॉक ३०० मिली घ्या. पंधरा मिनिटं धरा. बटाट्याचा स्टार्च उतरतो, तेव्हा मैदा निम्मा करा. मटार ताजे असतील तर शेवटची पाच मिनिटं.

भाताबरोबर खायचं असेल तर सॉस किंचित पातळ ठेवा. ताटात तो आणखी घट्ट होतो. इंद्रायणीच्या चिकट भाताबरोबर दाट सॉस जड होतो, बासमती किंवा कोलम बरा. लादीपावाला मात्र दाटच हवा.

लेगपीस

दुपटीचं मी सांगते. सरळ दुप्पट चालणार नाही. चिकन १.२ किलो, मीठ १६ ग्रॅम, क्रीम ४०० मिली, ही दुप्पट. कांदा, लसूण, मैदा दीडपट. स्टॉक ३०० नाही, २०० ते २२० मिलीच, कारण पॅनचं तोंड तेवढंच आहे आणि पाणी आटण्याचा वेग तोंडावर ठरतो, माणसांवर नाही. लेग घेतले तर झाकणाखालचा स्टॉक २५० ते २८० मिली.

भाजायला चार घाणे लागतील. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यानंतर तळाची खरवड काळपट होऊ लागते. तिथे थांबून अर्धी वाटी पाणी घालून खरडा आणि ते पाणी वाटीत काढून ठेवा. पॅन पुसा, ताजं तेल घाला, पुढचे घाणे काढा. वाटीतलं पाणी चाखून पाहा. चांगलं असेल तर स्टॉकमध्ये मिळवा, कडवट असेल तर टाकून द्या. २८ सेंमीच्या पॅनला कडा उंच नसतील तर १.२ किलो चिकन सॉससकट मावणार नाही, तेव्हा कढईच घ्या.

पाहुणे कधी जेवायला बसतील याचा भरवसा नसेल तर क्रीमच्या आधीच्या पायरीवर गॅस बंद करा: चिकन पूर्ण शिजलेलं (म्हणजे लेगच्या पद्धतीतलं; ब्रेस्ट त्या टप्प्यावर आतून कच्चं असतं, ते असं ठेवू नका), स्टॉक आटवलेला, झाकण ठेवून. तासाभराचं अंतर असेल तर बाहेर चालतं, त्याहून जास्त असेल तर फ्रिजमध्ये. ताटं मांडायला घेतली की गरम करून क्रीम घालायचं, तिथून सात मिनिटांचं काम.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं. गरम करताना दोन चमचे दूध, मंद गॅस. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर, दर मिनिटाला ढवळून. फ्रीझरमध्ये ठेवू नका. वितळल्यावर क्रीमचा सॉस फाटतो. फ्रीझ करायचंच असेल तर क्रीम घालण्याआधीचं, पूर्ण शिजलेलं चिकन करा.